सही झालेला हिरवा

३ ऑक्टोबर १९९४, नोएडा
हिरवा म्हणजे धोका नाही, की धोका अजून कुणी मोजलाच नाही? पहिल्याच दिवशी हा प्रश्न पडला. पण नोकरी लागली! घरातली पहिली पदवीधर मी. आईने फोनवर दोनदा टेबल केवढं आहे ते विचारलं. अंदमानकडच्या एका ज्वालामुखीची धोक्याची पातळी आम्ही रोज जाहीर करतो: हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल. नारिंगी झाली तरच शेजारच्या बेटावरच्या एकशे बारा माणसांना हलवायला बोट सुटते. दुपारी बाराला वायरलेसवर ज्वालामुखीवरचा निरीक्षक अविनाश आकडे सांगतो. चक्क मराठी! मला ताई म्हणाला.

७ ऑक्टोबर
अविनाश म्हणाला, जमीन थरथरतेय, पिवळा करा. आमचे प्रमुख भटनागर साहेब हसले. म्हणाले, बेटा, पिवळा दिला की पेपरवाले दारात, टेन्शन किसको चाहिए? टायपिस्ट वैजयंतीबाईंनी कपाट उघडून दाखवलं: महिनाअखेरपर्यंतची बुलेटिनं तयार, सगळी हिरवी, साहेबांच्या सहीसकट. रजेत खोळंबा नको म्हणून! मी भांडले. बाई म्हणाल्या, नवी आहेस, चहा पी.

१२ ऑक्टोबर
टेबलावर करडी भुकटी. समोर फ्लॅट बांधताहेत, सिमेंट असेल म्हणून पुसली. बोटं भाजली.

१४ ऑक्टोबर
जुन्या फायलीत अविनाश सापडला. तीन वर्षांपूर्वी तिथेच राखेखाली मेला. त्या दिवशीचं बुलेटिन हिरवं. बाई म्हणाल्या, त्यानंतर तिथे माणूस नेमलाच नाही. आवाज आम्हीही ऐकतो, फक्त लिहून घेत नाही.
मी लिहून घेणार.

१७ ऑक्टोबर
आज वायरलेसची वायर साहेबांनी उपटली. तरी अविनाश बाराला बोलला. खोकत — ताई, मागच्यासारखंच सुरू झालंय, उद्या दुपारपर्यंत —

१८ ऑक्टोबर
साहेब ओरडले, मेलेल्याच्या शब्दावर बोट पाठवायची? मी म्हटलं, न पाहिलेल्या दिवसावर तुम्ही सही करता ती चालते? सगळे पळाले. ऑफिसात राख घोट्यापर्यंत. दार उघडत नाही — कुणीतरी खोकतंय, खोलीतच —
भीती वाटते. वाटू दे. अकरा चाळीसला नारिंगीचा टेलेक्स मी पाठवला. माझ्या सहीने, पूर्ण नावाने. बोट सुटल्याचं उत्तर आलंय. आता कुणाच्या बापाला तो परत हिरवा —