ॲनाटॉमीत नापास

प्रिय पूजा,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायचं असतं म्हणून लिहिलं. त्यात आणखी काही शोधू नकोस.

आपला नर्सिंगचा पहिला आठवडा तुला आठवतो की नाही, माहीत नाही. मला लख्ख आठवतो. मी सिन्नरजवळच्या खेड्यातून, बारावी आर्ट्स करून नाशिकला आलेली. तू इथलीच, इंग्रजी शाळेतली. ॲनाटॉमीच्या मॅडमनी सांगाड्याच्या गळ्याजवळच्या हाडावर पट्टी टेकवली आणि मला पुस्तकातलं त्याचं नाव वाचायला सांगितलं. क्लॅविकल. मी वाचलं, क्लाविकाल. मागून तू विचारलंस, "काय विकाल, मेथी की कोथिंबीर?" आमचा भाजीपाल्याचा मळा आहे हे आदल्याच दिवशी मी तुला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. अख्खा वर्ग हसला. पुढे वर्षभर मला दिशा म्हणून कुणी हाक मारली नाही. मी 'विकाल' होते.

तरी मी तुझ्याशी मैत्री केली. हॉस्टेल सक्तीचं होतं, खोलीत आपण दोघीच, आणि मला त्या विषयातलं अक्षर कळत नव्हतं. एकेका पानावर चाळीस शब्द अडायचे. तू अर्थ सांगायचीस, बदल्यात मी तुझं जर्नल काढून द्यायचे. हृदय, मूत्रपिंड, कानाचा आतला भाग, सगळ्या आकृत्या माझ्या हातच्या. प्रॅक्टिकलच्या आधी मॅडमनी आपली दोन्ही जर्नलं शेजारी शेजारी ठेवली. रेघ न् रेघ सारखी. कुणी कुणाचं उतरवलं, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "मॅडम, तिनं माझं बघून काढलं." त्यांनी ते खरं मानलं. का मानू नये? वर्गात उत्तरं तूच द्यायचीस. तू इतक्या शांतपणे बोललीस, की क्षणभर माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. माझे अंतर्गत गुण कापले गेले आणि नऊ गुणांनी मी नापास झाले. निकालाच्या संध्याकाळी तू माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा आणलास. खोटं बोललीस त्यापेक्षा त्या पुड्याचा राग मला जास्त आहे.

सुट्टीत घरी गेले ती परत न येण्याच्या बेतानं. आई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती. मी तिला म्हटलं, आता मळ्यातच राहते. ती म्हणाली, वर्षभर शिकलीस त्यातलं मला काहीतरी सांग, मग ठरव. चिडूनच मी हृदय कसं चालतं ते सांगायला लागले. तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "पाय खाली, काळीज वर. मंग खाली गेलेलं रगत वर चढतं कसं? मोटार तर वरच हाय." पेपरात ते अख्खं पान मी पाठ लिहिलं होतं आणि तरी मला पुस्तक काढावं लागलं. शिरांना आतून झडपा असतात, चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, हे तिच्याच पोटरीवर हात ठेवून तिला समजावलं. तेव्हा कुठे ते मलाही समजलं. त्यानंतर रोज एक धडा तिला सांगितला. ती अडवायची, मी पुस्तक उघडायचे. सहा महिन्यांनी पुन्हा पेपर दिला आणि पास झाले. पुढचं शिक्षणही केलं. आज नाशिकमध्येच हाच विषय शिकवते.

हे सगळं आजच का लिहिलं, ते तुला माहीत आहे. तुझी धाकटी बहीण साई माझ्या वर्गात आहे आणि जुन्या रागापोटी मी तिला नापास केलं, असा अर्ज तू आमच्या प्राचार्यांना दिलास. त्यांना हवा तो खुलासा मी दोन ओळींत दिला. उरलेला तुला देते. साईचा पेपर हातात आला तेव्हा तिचं नाव वाचून मला बरं वाटलं होतं. हे खुलाशात लिहिलेलं नाही. पंचाहत्तरपैकी बावीस झाले. पुन्हा तपासला, पुन्हा बावीस. तरी माझ्याच हाताचा मला भरवसा वाटेना, म्हणून नाव झाकून पेपर दुसऱ्या मॅडमकडे दिला. त्यांनी वीस दिले. मी बावीस ठेवले. तिला विषय येत नाही, पूजा, आणि ते तुला सांगायची तिला भीती वाटते. गेल्या मंगळवारपासून वर्ग सुटल्यावर ती माझ्याकडे अभ्यासाला बसते. पहिल्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, ताईला सांगणार नाही ना? मी नाही म्हटलं होतं. आज तिला दिलेला शब्द मोडला, तोही तुझ्यामुळे. त्यावरून तिला बोलू नकोस. अर्ज मागे घे, नाहीतर राहू दे. पुढच्या परीक्षेला ती पास होईल. पेढे घेऊन माझ्याकडे येऊ नकोस.

तुझीच म्हणवत नाही,
दिशा