अस्वलाच्या बाजूने

प्रिय माय,

पुस्तक परवा संपलं. बाबांना सगळं वाचून दाखवलं, पण वाचताना माझ्या मनात जे आलं ते त्यांना सांगायची हिंमत नाही आणि तुला सांगायची लाज वाटते. तरी तुलाच लिहितेय, कारण तू कितीही रागावलीस तरी जेवायला वाढायचीस.

सिंदेवाहीच्या वाचनालयातून आणलेली जुनी अमेरिकन कादंबरी होती, मराठीत केलेली. मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर आणि भलंमोठं अस्वल. मला वाटलं, जंगलाची गोष्ट आहे, बाबा बसतील ऐकत. आत काय आहे ते आधी बघायला नको होतं का मी? अस्वलाने एका शिकाऱ्याचा भाऊ मारलेला, आणि तो बंदूक घेऊन डोंगरभर त्याच्या मागे. अशी मी शहाणी.

कारण आपले बाबाही तेच करत होते. मोहाच्या हंगामात फुलं वेचताना वाघाने तुला नेलं, तेव्हापासून रोज कुऱ्हाड घेऊन त्याच झाडाकडे जायचे. वनखात्याने पिंजरा लावला, मग उचलला, वाघ काही सापडला नाही. यंदा धान काकांनी कापलं. बाबांना काही म्हटलं की एकच उत्तर, "थो इथीच हाये. दिसन मले एक दिवस." आणि दिसला तर? एका कुऱ्हाडीने काय होणार होतं? दिवस कलला की माझा जीव टांगणीला. अंधार पडायच्या आत त्यांनी घरी यावं म्हणून हे वाचन काढलं.

रीत आपलीच ठेवली. वाचणाऱ्याने वाचायचं, ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की वाचणंही थांबवायचं. तू चूल फुंकताना, धुराने खोकतानासुद्धा "हूं" म्हणायचीस. बाबांचा हुंकारा मी पहिल्यांदाच ऐकला. चांगले रंगले होते. शिकाऱ्याचे सोबती एकेक करून मागे फिरले तेव्हा म्हणाले, "भित्रे सारे."

आणि मी? माय, मी अस्वलाच्या बाजूने झाले. खांद्यात गोळी घेऊन ते बर्फ उकरत कंदमुळं शोधत होतं, आणि मी मनात म्हणत होते, पळ, इथून पळ. डोळे भरून आले ते शिकाऱ्यासाठी नव्हे. तुला जनावराने नेलं आणि तुझी पोर जनावरासाठी रडते, हे कोणत्या तोंडाने सांगू? तुझी लुगडी अजून पेटीत तशीच आहेत. मी स्वतःला चार शिव्या दिल्या, तरी पुढच्या पानावर पुन्हा तेच.

तुझ्यावरही राग आला. बायकांसोबत जात जा म्हणून किती सांगितलं होतं. पण तुला सगळ्यांच्या आधी आपल्या झाडाखाली पोचायचं असायचं, दुसऱ्या कोणी फुलं वेचू नयेत म्हणून. खाली वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे तूच मला शिकवलंस ना? मग काऊन गेलीस एकटी?

शेवटचं प्रकरण मी आधी गुपचूप वाचलं. शिकारी एकटाच पुढे जातो आणि परत येत नाही. अस्वलही मरत नाही. हे बाबांना कसं ऐकवणार? मी पान समोर धरलं आणि मनचंच सांगत गेले, की शिकाऱ्याने बंदूक खांद्याला अडकवली आणि तो घराकडे वळला.

हुंकारा आला नाही.

"काऊन गप झाले, बाबा?"

"खोटं वाचून राह्यली तू. एवढा चाललेला माणूस असा नाई फिरत. लिवलं हाये थे वाच."

वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. बाबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळूच म्हणाले, "त्याच्या घरी कोणी नव्हतं का वं?"

पुस्तकात त्याच्या घराबद्दल एक अक्षर नाही. मी म्हटलं, "होती. एक पोरगी होती."

"हूं," बाबा म्हणाले.

काल ते झाडाकडे गेले नाहीत. आजही नाही. अंगणात सरपण फोडलं, आणि कितीतरी महिन्यांनी विचारलं, "आज भाजी कायची हाये?" मला आनंद व्हायला हवा, आणि झालाही. पण तो वाघ कुठेतरी जिवंत आहे, बाबा घरी आहेत, आणि तुझ्यासाठी आता कोणीच जंगलात जात नाही. तुला एकटं टाकल्यासारखं वाटतं का गं? मला तर वाटतं, टाकलंच आम्ही. आणि बाबांना त्या झाडापासून मीच तोडलं.

अस्वलाचं तुझ्यामाझ्यात राहू दे. पण खोट्याच्या जोरावर बाबांना घरी बसवून ठेवणार नाही, हा माझा शब्द. उद्या त्यांना सांगणार आहे, पुस्तकात पोरगी नव्हती. ती इथे होती, रोज दारात उभी, तुम्ही परत येता की नाही ते बघत.

तुझीच,
शालू