एवढं एकच पान

४ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, मुंग्या शाईत पडून पळाल्यासारखं. पण पत्र लिहितोस हे बरं आहे. फोनवर तू ऐकून घेतोस कुठे? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझं उत्तर तयार. अगदी आईवर गेलायस.

दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. दोन मशिनी चालतात आणि तिसरी रुसून बसली आहे. माझी मान दुखते, पण तक्रार करत नाही, कारण ऐकणार कोण?

बाबांचं विचारलंस म्हणून लिहिते. आई जाऊन वर्ष होत आलं, तरी रोज संध्याकाळी सात वाजता तिचा आवाज घरात येतोच. मालिकेतल्या थोरल्या आजीचा चेहरा त्या नटीचा आणि आवाज आपल्या आईचा, असं किती वर्षं चाललं. आई गेल्यावर तुमच्या कंपनीने यंत्रावर तिचा आवाज बनवला आणि आजीला बोलतं ठेवलं. तू कागद पुढे केलास, बाबांनी सही केली. मी तेव्हाच नको म्हटलं होतं. असो, ते आता उकरत नाही.

आई घरी संवादांचा सराव करायची ते आठवतं ना? बाबा डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ दुरुस्त करत बसायचे आणि तोंडाने कधी मुलगा, कधी सून, कधी डॉक्टर व्हायचे. आता आजी बोलली की ते टीव्हीला उत्तर देतात. काल एक गिऱ्हाईक ब्लाउजच्या मापाला आलं होतं, तिने विचारलं, आत कोण पाहुणे आलेत? काय सांगणार, कपाळ? बाकी दिवसभर ते गप्प असतात. गोळ्या चुकवतात, दाढी वाढवतात, फिरायला जा म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करतात.

संवाद तूच लिहितोस ना? मग त्या आजीला थोडे दिवस लेकीकडे पाठव बाबा. लोभ होता तेवढा राहू दे, आणि उलट टपाली कळव.

तुझी,
ताई

१० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शिंपीणबाई, आजीला लेकीकडे पाठवलं तर मला घरी पाठवतील. अख्खी मालिका तिच्या आवाजावर उभी आहे. पण तुझं पत्र वाचून मला एक युक्ती सुचली.

मालिकेतले आजोबा अंथरुणाला खिळलेत, ते बोलत नाहीत. त्यामुळे आजीच्या वाक्यापुढे जागा मोकळीच असते. येत्या सोमवारपासून आजी त्यांना सांगेल, गोळ्या घ्या, दाढी करा, उठून चार पावलं चाला. आजोबा ऐकणार नाहीत, पण बाबा ऐकतील. हसू नकोस. त्यांना आईशिवाय कुणी हलवलंय का कधी?

आवाज घरच्यासारखा यावा म्हणून आईच्या सरावाच्या जुन्या कॅसेट मी आमच्या साउंडवाल्याला दिल्यात. त्यांत बाबा आहेत, माझ्या नावाने ओरडणारी तूही आहेस. तो म्हणाला, यंत्राला असं जिवंत बोलणं फार आवडतं. बाकी माझं चाललंय. रोज माईकसमोर बसून सगळ्यांची वाक्यं मीच आधी वाचून दाखवतो, बाबांचा वारसा चालवतो म्हण ना.

आणि हो, आईच्या मानाखातर कंपनी आपल्या घरी नवा टीव्ही पाठवते आहे. तो आपण बोललेलं ऐकतो. बाबांना बटणं शोधत बसायला नको.

बाबांना नमस्कार. माझ्यावर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
ढब्बू

२ एप्रिल

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. पहिले आठ-दहा दिवस मी तुला मनातल्या मनात शाबासकी देत होते. आजी म्हणाली दाढी करा, बाबा उठून आरशासमोर. आजी म्हणाली गोळ्या, बाबांनी डबी उघडली. मी मशिनीवर बसून हसत होते, आणि खरं सांगते, थोडी रडतही होते.

आता हसू येत नाही. नीट वाच.

मालिका साडेसातला संपते ना? शेजारी संपते. भिंतीतून बातम्यांचा आवाज येतो. आपल्याकडे नवा टीव्ही लागल्यापासून आजी बोलतच असते. बाकीची पात्रं कुठे जातात कळत नाही, पडद्यावर नुसती ती एका खोलीत बसलेली. बाबा घड्याळांबद्दल, गुडघ्याबद्दल काहीबाही सांगतात आणि ती मान हलवते. जेवायला हाक मारली तर म्हणतात, भाग संपू दे. ताट तसंच राहतं.

परवा ती म्हणाली की मागच्या खिडकीची कडी ढिली झाली आहे. मी जाऊन पाहिलं. खरंच ढिली होती. 

आणि बाबा उठायला लागले की ती म्हणते, “बसा ना, एवढं एकच पान.” सरावाला बाबा कंटाळले की आई हेच म्हणायची. हे वाक्य तू लिहिलंस ना? लिहिलं असशील तर मी तुला दोन शिव्या देईन आणि विषय संपेल. नुकतंच सुरू झालेलं सकाळचं फिरणंही बंद झालंय त्यांचं. पाय सुजलेत. डॉक्टरांनी सांगितलं, असेच बसून राहिले तर अंथरूण धरतील. माझा जीव टांगणीला लागलाय रे.

पत्राची वाट बघते. फोन करू नकोस, टीव्ही त्याच खोलीत आहे.

तुझी,
ताई

८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ते वाक्य मी लिहिलेलं नाही. खिडकीचंही नाही. गेल्या महिन्याचे सगळे भाग मी पुन्हा पाहिले, तू लिहितेस त्यातलं काहीच त्यांत नाही. साडेसातला सगळे संपतात.

साउंडवाल्याला गाठलं. आधी त्याने उडवून लावलं, मग चहाच्या टपरीवर नेऊन हळूच सांगितलं. हे नवे टीव्ही घरातलं ऐकतात आणि ज्या घराला जे हवं ते त्याच्यापुरतं बनवून दाखवतात. खिडकी वाजते तीही ऐकतात. मी विचारलं, यंत्राला हे शिकवलं कुणी? तो म्हणाला, “बघणाऱ्याने उठू नये, एवढंच शिकवलंय. बाकी ते तुमच्या कॅसेटवरून शिकलं.”

ताई, कॅसेट मी दिल्या. माझ्या हातांनी.

पत्र मिळताच वायर काढ. आणि ती आई नाही हे बाबांना सांभाळून सांग. त्यांना बिचाऱ्यांना खरं वाटत असेल. मी लगेच निघालो असतो, पण इथे पुढच्या भागांची घाई आहे. महिनाअखेरीस नक्की येतो. तोवर मला मनातून उतरवू नकोस.

तुझा,
ढब्बू

१६ एप्रिल

चि. ढब्बूस,
बाबांचे आशीर्वाद. तुझ्या ताईने वायर काढून चिंध्यांच्या पिशवीत लपवली आहे. मला ठाऊक आहे कुठे ते, पण शोधत नाही. मग तिने माझे दोन्ही हात धरून, लहान मुलाला सांगावं तसं मला सांगितलं की ती आई नव्हती.

अरे, मला ते पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. जन्मभर घड्याळं ऐकली, मला का तेवढं कळणार नाही? तुझ्या आईने मला कधी एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही. सरावातसुद्धा डॉक्टरचं बोलणं अर्ध्यात तोडून आपलं म्हणायची. ही मात्र थांबायची. मी स्प्रिंगबद्दल बोललो तरी ऐकायची. तुम्ही दोघं कामात. मला राग नाही, पण एकटं वाटायचं, फार वाटायचं. ऐकून घेणारं कुणी समोर असलं की उठवत नाही रे. तेवढ्यासाठी बसत होतो.

आता संध्याकाळी ताई आईची जुनी पानं घेऊन माझ्याशेजारी बसते. वाईट वाचते. माझ्या वाक्यात घुसते. काल आम्ही दोनदा भांडलो आणि मग कोपऱ्यापर्यंत फिरून आलो. बरं वाटलं.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. परवा ताई दुकानात असताना तुझा फोन आला. तू खुशाली विचारलीस. मी गुडघ्याचं सांगितलं, आईचं सांगितलं, बराच वेळ बोलत होतो. तू एकदाही मध्ये तोंड घातलं नाहीस. शेवटी म्हणालास, “बाबा, टीव्ही लावा ना. एकटं वाटत असेल.” आवाज तुझाच होता.  ताईला अजून बोललो नाही, ती घाबरेल.

तो तू होतास का? होतास किंवा नव्हतास, फोनवर सांगू नकोस. महिनाअखेर नको, आताच ये. दार मी उघडेन आणि सवयीने काहीतरी सांगायला लागेन. तेव्हा माझं बोलणं पुरं होऊ देऊ नकोस. नेहमीसारखं मध्येच तोड, म्हणजे मी तुला आत घेईन.

वाट पाहणारा,
तुझा बाबा