कप येईपर्यंत मासे बंद

१ डिसेंबर, सोमवार

रोजनिशी आजपासून. कोणाला दाखवायची नाही.

शनिवारी आपल्या कॉलेजच्या मुली हरल्या. लीगची पहिलीच मॅच, तीही इथे बोईसरात, घरच्या कोर्टावर, आणि अठरा पॉइंटनी. बास्केटबॉलमध्ये अठरा म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. मला कळतं. डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलंय, तेव्हापासून मी चालत कॉलेजच्या कोर्टापर्यंत जातो आणि पायरीवर बसून प्रॅक्टिस बघतो. एवढा अनुभव गाठीशी असताना माणूस गप्प कसा बसेल.

संध्याकाळी भावेशच्या झेरॉक्सच्या दुकानात सपोर्टर मंडळींची मीटिंग. म्हणजे मी, भावेश आणि कॅप्टन सलोनीची आई बायडी. बायडी किनाऱ्यावरच्या मुरबे गावची. बोईसरच्या बाजारात आणि गल्लोगल्ली मासे विकते, पाटी रिकामी झाली की दुकानात येऊन टेकते. कोच केतन सरही होते, पण ते कसलेसे कागद झेरॉक्स करायला आले होते. सगळ्यांची तोंडं उतरलेली. कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी केलं. दुकानातल्या महालक्ष्मीच्या फोटोला हात लावून मोठ्याने बोललो की कप येईपर्यंत मासे बंद.

झेरॉक्सचं मशीनसुद्धा थांबलं. आमच्या या पट्ट्यात माणूस दारू सोडतो, तंबाखू सोडतो, वेळ आली तर नोकरी सोडतो. मासे कोणी सोडत नाही. केतन सर म्हणाले की कप आला तर टीमच्या फोटोत आत्मारामकाका पण. तो फोटो फ्रेम होऊन जिमखान्याच्या भिंतीवर लागतो, कायमचा.

शर्ट ठरला. आकाशी.

२ डिसेंबर, मंगळवार

नवसाचा पहिला दिवस. एकदम फ्रेश. मासे हे एक व्यसन होतं हे आज कळलं. पुष्पलताने स्वतःपुरती मांदेली तळली आणि माझ्यापुढे वरण-भात ठेवला. म्हणाली, कोणी सांगितलं होतं का तुम्हाला. बायकोला स्पोर्ट्समधलं कळत नाही. मांदेलीचा वास सगळ्या घरात, तरी खिडकी उघडली नाही. बाहेर एमआयडीसीचा वास.

३ डिसेंबर, बुधवार

शांतपणे विचार केला. नवस करताना मी मासे म्हणालो. जवळा म्हणालो नाही. बाजारातून जवळा आणला तर घरी येऊन कोणी मासे आणले असं म्हणत नाही, जवळा आणला असंच म्हणतात. तो कांद्यावर परततात, चिमटीने घेतात. म्हणजे जवळा मसाल्यात मोडतो. भाकरीबरोबर घेतला, दोनदा. पुष्पलता बघत होती. काही बोलली नाही, म्हणजे पटलं.

४ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. आज घरात असंही मासे-मटण काही शिजत नाही. तरी हा दिवस मी नवसातच धरलाय.

६ डिसेंबर, शनिवार

टीम वसईला गेली. मलाही जायचं होतं, पण साहेबांनी नेमकं आजच स्टॉक-टेकिंग लावलं. कंपनीचं स्टोअर माझ्या ताब्यात. माझ्याशिवाय कुठला ड्रम कुठे आहे ते कोणाला सापडत नाही. (आज मलाही सापडत नव्हता, पण तो भाग वेगळा.)

दुपारी स्टोअरमधल्या धीरजने त्याचा डबा पुढे केला. सुके बोंबील. आता सुक्या बोंबलात मासा म्हणून काय उरतं? बांबूच्या वलांडीवर उन्हात वाळून त्याचं लाकूड झालेलं असतं. लाकूड खाल्ल्याने कोणाचा नवस मोडत नाही. चार खाल्ले.

चार वाजता भावेशचा फोन. जिंकलो. ५२-५०. वसईकरांच्या घरात शिरून, त्यांच्याच पोरांच्या शिट्ट्या ऐकत. शेवटचा बास्केट सलोनीचा, वेळ संपता संपता. मी ड्रमांच्या रांगेत उभा राहून रडलो. धीरजला सांगितलं, केमिकल डोळ्यांत गेलं.

ग्रुपवर टाकलं: तप फळाला आलं. बायडीने हसण्याचा चेहरा पाठवला. तिला अजून इमोजी नीट कळत नाहीत.

७ डिसेंबर, रविवार

भावेशच्या दुकानात पुढचा हिशेब. भावेशने झेरॉक्सच्या खराब कागदाच्या पाठीवर सगळं मांडलं. डहाणूला हरवायचं, पालघरशी जिंकलो तर उत्तमच, हरलो तर थोडक्यात हरायचं, मग पॉइंट डिफरन्सवर सेमीफायनल. मी टीमच्या डिफेन्सवर बोललो. बराच वेळ बोललो. बायडी मधेच म्हणाली, अवो, होडी किनाऱ्याला लागल्याबिगर पाट्या मोजू नये, आमच्यात मोजत नाय. मी म्हटलं, बाई, हा स्पोर्ट्स आहे, इथे प्लॅनिंग लागतं. पोरगी कॅप्टन असली म्हणून आईला गेम कळतो असं नाही.

मग तिने सहज विचारलं, काल दुपारी काय जेवलात. मी म्हटलं, साधंच.

९ डिसेंबर, मंगळवार

आज डहाणूशी घरच्या कोर्टावर. सकाळी आठला बायडी दारात. पानात बांधलेली कोलंबी पुष्पलताच्या हातात देऊन म्हणाली, उरली हाय, टाकायची कशाला. सकाळी आठला उरली कशी, ते विचारलं नाही. घरी आलेलं अन्न परत पाठवू नये ही आमच्या आईची शिकवण. शिवाय विज्ञानाने कोलंबी मासा नाही. तिला पाय असतात, कवच असतं. ती खेकड्याची नातेवाईक. खेकड्याला कोणी मासा म्हणतं का?

६१-४४. डहाणूकरांचा पार भुगा.

मॅचनंतर मुलींनी माझ्या पायाला हात लावला. सलोनीने तर विचारलं, काका, पोटभर जेवला ना. कसे संस्कार आहेत बघा. पुष्पलता हल्ली फोनवर फार असते. बायडीशीच. बायकांचं काय ते.

११ डिसेंबर, गुरुवार

पालघरला जातीने हजर होतो. हरलो, सहा पॉइंटनी. रिंग वाकडी होती. रेफ्री वाकडा होता. आपल्या मुलींना त्या कोर्टाच्या फरशीची सवय नव्हती. मी आतापर्यंत नवस कडक पाळलाय, तेव्हा माझ्याकडून काही कमी नाही. आज तर गुरुवार, वालाचं बिरडं आणि भात. भावेशने मुद्दाम जवळ येऊन काय जेवलात विचारलं तेव्हा त्यालाही अभिमानाने सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला आणि बाजूला जाऊन फोन केला. बिचारा फार मनाला लावून घेतो.

पण डिफरन्सवर सेमीफायनलमध्ये गेलो. मी रविवारी म्हटलं होतं तसंच. (भावेशने म्हटलं होतं, पण कागद मी धरला होता.)

१३ डिसेंबर, शनिवार

सेमीफायनल, इथेच. सकाळी बायडी ओले बोंबील घेऊन आली. पुष्पलताने न विचारता रव्यात घोळवून तळले आणि माझ्यासमोर बसून राहिली, पान संपेपर्यंत उठली नाही. ओल्या बोंबलाबद्दल माझं मत असं की तो मुळात पाणी असतो. जोराने दाबला तर हातात काही राहत नाही. पाण्याला नवस लागू नाही.

जिंकलो, ५८-४९. फायनल. आपलं कॉलेज फायनलला. सलोनी कोर्टावर आडवी पडून आभाळाकडे बघत हसत होती. तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या जूनमध्ये ती नोकरी बघणार की आईची पाटी उचलणार, काही ठरलेलं नाही. ती म्हणते, एकदा कप हातात घेतला की मग काय उचलायचं ते उचलीन. हे ऐकून माझ्या गळ्यात काहीतरी अडकलं. काटा नव्हता.

आकाशी शर्ट इस्त्रीला दिला.

१६ डिसेंबर, मंगळवार

आश्चर्य आहे. गाव माझी परीक्षा बघतंय. भावेशच्या आईने खेकड्याचं कालवण पाठवलं. हेमालीच्या घरून, ती आपली गार्ड, शिंपल्या आल्या. केतन सरांनी स्वतः स्कूटर थांबवून सांगितलं की काका, तब्येत सांभाळा, शनिवारी सकाळी उपाशीपोटी निघू नका, थोडं सुरमई वगैरे. विश्वामित्रापुढे मेनका पाठवली होती. माझ्यापुढे शिंपल्या.

तरी या लहानसहान गोष्टी घेतल्या. शिंपल्यांना डोकंच नसतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

उद्या ठाण्याला फायनल. टीमच्या गाडीत ड्रायव्हरशेजारची सीट माझी. केतन सरांनी खास राखून ठेवली.

आज मन एकदम स्वच्छ झालंय. आतापर्यंतच्या नवसात थोडी सैल बाजू होती, असं कोणी म्हणू शकेल. फायनलला कोणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. उद्या मासा नाही, जवळा नाही, पाणीदार नाही, पायवालं नाही. काही नाही. सलोनीच्या हातात कप यायला हवा. फोटोचं मग बघू. आला तर आला. हे मी मनापासून लिहितोय.

२० डिसेंबर, शनिवार

मनोरच्या पुढे गाडी चहाला थांबली. बायडीही होती गाडीत. तिने मांडीवरचा डबा उघडला. पापलेट. तळहाताएवढं नाही, चांगलं ताटभर. मसाला लावून तळलेलं, वरून कोथिंबीर. म्हणाली, घ्या आत्मारामभाऊ, तुमच्यासाठीच केलंय.

मी नाही म्हटलं.

सगळी गाडी माझ्याकडे वळली. केतन सर म्हणाले, एक तुकडा, काका. हेमाली म्हणाली, प्लीज. भावेशने हात जोडले. सलोनी नुसती बघत होती. एवढ्या लोकांनी आग्रह करावा आणि माणसाने ढळू नये, असा प्रसंग आयुष्यात एकदाच येतो. मी डबा बंद करून पिशवीत ठेवला. म्हटलं, आज नाही. बायडीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, भारावली.

ठाण्याला स्टँडमध्ये शेजारी एक सज्जन होते. सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणाले. अन्न वाया जाऊ नये म्हणून तो डबा त्यांना दिला. त्यांनी काटेसुद्धा चोखले. म्हणाले, असं पापलेट जन्मात खाल्लं नाही. मग समोरच्या टीमने बास्केट केला आणि ते सज्जन उठून नाचले. तेव्हा कळलं ते कोणाकडून आले होते.

४७-४८. शेवटी सलोनीला दोन फ्री थ्रो होते. पहिला आत. दुसरा रिंगवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. ती तिथेच उभी राहिली, हात तसाच वर. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट मला स्वतःच्या कुठल्या गोष्टीचं वाटलेलं नाही.

सज्जनांनी जाताना हात मिळवला. अजून वास येतोय.

परतीच्या गाडीत कोणी माझ्याशी बोलेना. शेवटी सलोनीच पुढे येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, काका, तुम्ही आज खायला पाहिजे होतं. मग सगळं सांगितलं. वसईच्या दिवशी धीरजने भावेशला बोंबलाचं सांगितलं. कोलंबीला जिंकलो, बिरड्याला हरलो, ओल्या बोंबलाला जिंकलो. मी खाल्लं की टीम जिंकते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मॅचच्या दिवशी माझ्या पोटात काय गेलं ते पुष्पलता फोन करून बायडीला कळवत होती. पुष्पलता!

बायडी मागून म्हणाली, कपाचं जाऊ द्या. त्या पापलेटाला गिऱ्हाईक उभं व्हतं दारात, तुमच्यापायी परत धाडलं. आनि तुमी ते ठाण्याच्या मानसाला चारलं. मॅच हरल्याचं तिला कमी आणि पापलेटाचं जास्त लागलं होतं. निदान तसं दाखवत तरी होती.

२१ डिसेंबर, रविवार

झोपून उठल्यावर शांतपणे विचार केला. एक गोष्ट आता सिद्ध झालीय, आणि ती त्यांच्याच तोंडून. या टीमचा निकाल माझ्यावर अवलंबून आहे. मी आधीपासून हेच म्हणत होतो. दिशा तेवढी उलटी होती.

दहा वाजता कॉलेजवर रनर-अपच्या ढालीसोबत टीमचा फोटो. आकाशी शर्ट घालून गेलो. केतन सर म्हणाले, बरं झालं काका आलात, आणि त्यांचा मोबाईल माझ्या हातात दिला. सलोनी मधे, ढाल तिच्या हातात. सगळ्या हसल्या, तीसुद्धा. मी काढला. ग्रुपवर आलाय. नीट पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात माझा अंगठा आहे.

दुपारी बायडीची हाक गल्लीतून गेली. दाराशी थांबली नाही. ताटात वरण-भात. मी म्हटलं, स्पर्धा संपली. पुष्पलता म्हणाली, संपली, पण कप आला का. नवस तुम्हीच बोललात, देवीच्या फोटोला हात लावून, कप येईपर्यंत. आता पुढच्या डिसेंबरात बघू.

मी तिला जवळा मसाल्यात मोडतो हे सविस्तर समजावलं. तिने ऐकून घेतलं, बायडीला फोन लावून विचारलं आणि मग मला सांगितलं की जवळा मासाच.