बहिरीची करवत

३ ऑगस्ट

विकली! माझ्या नवऱ्याची, आर्व्हिडची चेनसॉ विकून टाकली दोघांनी! मी कानाच्या डॉक्टरकडे गेले होते, तेवढ्यात. दोघं म्हणजे माझी पोटची मुलगी हायडी आणि माझा दीर वॉरन. आर्व्हिडला जाऊन दोन वर्षं होताहेत, आणि त्याच्या सख्ख्या भावाने त्याची करवत कुणा उन्हाळी पाहुण्याच्या गाडीत टाकली.

वॉरनने माझ्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं — ‘बहिऱ्या माणसाने करवतीला हात लावायचा नाही. झाड मोडायच्या आधी आवाज करतं. तुला तो ऐकू येणार नाही. मरशील.’

‘मरेन. तुझं काय जातं?’ मी म्हटलं.

मग हायडीने पाटी पुसली. गावात वृद्धांसाठी फ्लॅट आहेत. लिफ्ट, चोवीस तास गरम पाणी. मी विचारलं, ‘आणि साउना? माझं वाफेचं न्हाणीघर?’ तर म्हणे, ‘शॉवर आहे ना, आई.’ शॉवर!

शेवटी तिने अट घातली. हे घर लाकडावर तापतं. पहिला बर्फ पडायच्या आत लाकडाची शेड मी स्वतः भरली नाही, तर एक नोव्हेंबरला फ्लॅट. मी रागाच्या भरात ‘कबूल’ म्हणून बसले. आता म्हटलं ते म्हटलं.

५ ऑगस्ट

गावात करवतींचं एकच दुकान. दुकानदाराने नुसती मान हलवली. वॉरनने आधीच कान भरलेत त्याचे. ‘मला विकणं बेकायदा आहे का?’ विचारलं, तर मागच्या खोलीत जाऊन बसला, भित्रा!

६ ऑगस्ट

आख्खी करवत मागवली तर खोक्यावर हे मोठं चित्र. टपालवाली डार्लीन दुपारपर्यंत सगळ्या रस्त्याला सांगेल. पण सुटे भाग मागवले तर? सिलिंडर एका पाकिटात, साखळी दुसऱ्यात. घरी जोडायची. बावीस वर्षं सॉमिलमध्ये यंत्रं उघडली आणि जोडली मी. कान तिथेच गेले. हात शाबूत आहेत.

२४ ऑगस्ट

सगळं आलं. मूळ कंपनीचे भाग नव्हेत हे. वॉरन असल्या मालाला कचरा म्हणतो. मी पिस्टन मोजून पाहिला, चोख आहे. सूचनांचा कागद नाही. स्क्रू दोन कमी, एक जास्त.

डार्लीनने पाटीवर लिहिलं — ‘काय गं एवढं मागवतेस?’ मी म्हटलं, ‘प्रियकर जोडतेय, एकेक भाग करून.’ हसून हसून तिचा चेहरा लाल झाला. आता निदान तीन दिवस दुसरं काही पसरणार नाही.

२७ ऑगस्ट

बेअरिंगं रात्रभर फ्रीझरमध्ये, हरणाच्या मांसाशेजारी. इंजिनाची कवचं ओव्हनमध्ये. गारठ्याने एक आकसतं, उष्णतेने दुसरं पसरतं, आणि हातोडी न लावता बेअरिंग आपसूक खाली बसतं. बसलं!

रविवारी हायडी आली. त्याच ओव्हनमध्ये पानुकाक्कू केला होता, अंड्यादुधाचा जाड केक. तिने तुकडा नाकाजवळ नेला आणि पाटीवर विचारलं, ‘कसला वास येतोय हा?’

‘वेलदोडा जुना झालाय,’ मी म्हटलं. खाल्ला बिचारीने.

६ सप्टेंबर

जोडून झाली. सुरू होत नाही.

७ सप्टेंबर

हात सुजलेत. दोरी ओढून ओढून खांदा निखळायचा बाकी आहे. प्रत्येक वेळी प्लग पेट्रोलमध्ये भिजलेला. नकली माल! वॉरन खरा ठरणार!

नंतर स्वयंपाकघरात बसले असताना कळलं. दोष मालात नाही, माझ्यात आहे. चोक लावून दोरी ओढली की करवत आधी एकदाच ‘फट्’ करते. ते ऐकून चोक अर्धा ढकलायचा असतो. मला ते ऐकू येत नाही, म्हणून मी ओढतच राहते आणि इंजिन बुडवते. रडले. खोटं कशाला लिहू.

८ सप्टेंबर

मागच्या दांडीत बूट अडकवून करवत जमिनीवर दाबायची असतेच. आज जाड बूट काढले, आर्व्हिडच्या पातळ तळव्याच्या जोड्यात पाय घातला आणि डोळे मिटले. चौथ्या ओढीला तळपायाला एक टिचकी बसली. हेच ते! चोक अर्धा, पुन्हा दोरी — आणि सुरू झाली! अंगणात धूरच धूर. मी नाचले. शेजारी कुत्रं भुंकत असावं, तोंड तरी तसं हलत होतं.

११ सप्टेंबर

कार्बोरेटर लावणं ही कानाची विद्या, असं सगळे म्हणतात. पूर्ण वेगात इंजिनाने किंचित अडखळायला हवं, गुळण्या केल्यासारखं. लाकडात शिरलं की ते थांबावं. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन किंचाळतं आणि जळतं. आर्व्हिड मान तिरकी करून ऐकायचा.

मी दांडी सैल धरली. गुळण्या मनगटात येतात! पाव फेरा स्क्रू आवळला, थरथर बारीक झाली. पुन्हा थोडा सोडला. कान कशाला हवेत?

१५ सप्टेंबर

पहिलं झाड. किडीने मेलेलं, उभ्या उभ्या वाळलेलं ॲश. मागच्या कापात पाचर बसवली आणि नजर पाचरीवर ठेवली. झाड हललं की पाचर सैल होणार, झाड तडकण्याची वाट बघायला नको. सैल झाली. मी मागे सरले. जमीन पायाखाली दणाणली. पडलं तिथेच, जिथे मला हवं होतं.

भीती वाटली का? वाटली. खूप.

२१ सप्टेंबर

वॉरनने पाहिलं. ट्रकमधून उतरून हातवारे करत आला. ओठ वाचता आले — ‘खाली ठेव! ठेव खाली म्हणतो ना!’ मी ठेवली नाही. त्याच्यासमोर आणखी एक ओंडका कापला, सावकाश. तो ट्रकमध्ये जाऊन बसला आणि कितीतरी वेळ हललाच नाही. बसू दे.

६ ऑक्टोबर

शेड छतापर्यंत भरली. हायडीने आत डोकावलं, बाहेर येऊन पाटीवर लिहिलं — ‘हरले.’ मग मला मिठी मारली आणि कानाशी काहीतरी बोलत राहिली. विसरली असेल. मी पण आठवण करून दिली नाही.

८ ऑक्टोबर

रात्री पहिला बर्फ. साउना तापवला.

९ ऑक्टोबर

वॉरन आला, एकटाच. स्वतःची करवत माझ्या टेबलावर ठेवली. मी सायलेन्सर काढून पाहिलं. पिस्टनवर वरपासून खालपर्यंत ओरखडे, पेट्रोल कमी पडून जळलेला. ‘या वर्षातली तिसरी,’ त्याने पाटीवर लिहिलं.

‘अरे, जळायच्या आधी किंचाळली असेल ना! तीस वर्षं झाडं तोडतोयस तू!’

त्याने पाटी पुसली. मार्चमध्ये मेपलचं झाड अंगावर पडून त्याचा खांदा मोडला, तेव्हा त्याने सगळ्यांना वाऱ्याचं कारण सांगितलं होतं. आता लिहिलं — ‘वारा नव्हता. ते तडकलेलं मला ऐकू आलं नाही. तुझंही तसंच होईल असं वाटलं. घरी सांगू नकोस.’

मी माझी करवत बाहेर नेऊन सुरू केली आणि त्याचा हात दांडीवर ठेवला.