पकडीचे मार्क

३ मार्च २०१९, लातूर

मंजुश्रीच्या प्रोटीनची खरी किंमत मांडली — पोरीची चार वर्षं, मोडलेली दोन स्थळं, त्यापायी बायकोचा, शिवकांताचा, माझ्याशी सहा महिने अबोला. पैसे सरकारचे, ते धरले नाहीत.

एमआरआयच्या आधी शिरेत औषध टोचतात, चित्र स्वच्छ यावं म्हणून. त्यात गॅडोलिनियम हा धातू. अंगात सुटा झाला तर विष. तो धरून ठेवणारं प्रोटीन — निसर्गात कुठंच नसलेलं — आमची लेक विष्णुपुरीच्या विद्यापीठात कॉम्प्युटरवर आखते. महिनाअखेर प्रकल्पाची मुदत संपते. तोवर एमआरआयच्या मशीनमध्ये उजेड दिसला तर आणखी तीन वर्षं, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

१० मार्च

मंजुश्री घरी. प्रोटीनच्या चाळीस आकृत्या, प्रत्येकीला कॉम्प्युटरनं पकडीचे मार्क दिलेले. लॅबमध्ये सगळी बनवून तयार, पण चाचणीला बाराच नेता येणार. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी वरच्या बारांवर लाल टिक मारली, बाकी खोडल्या. चौतिसावी तर एका अंगानं उघडीच.

"अप्पा, पाण्याला आत यायला वाट लागते तिथं—"

"वाट ठेवली की निसटतं." त्र्याण्णवच्या भूकंपात शेजारच्या महादेवप्पानं मला ढिगाऱ्यातून ओढलं ते मनगट धरून. बोटं धरली असती तर आज माझा हा शिकवणीचा क्लास नसता. तिला शंभरदा सांगून झालंय. हसली, यादी घडी घालून पर्समध्ये टाकली.

पंचवीस वर्षं पोरं पारखतोय. मार्क बघून सांगतो कोण मेडिकलला लागणार.

१६ मार्च

चाचणीला मशीन मिळालं! डॉ. संगमेश, क्लासचाच विद्यार्थी, आता स्वतःचं एमआरआय सेंटर. पुढच्या रविवारी, पेशंट यायच्या आत, दोन तास आपले. वर म्हणतो, "सर, तुम्ही मला शेवटच्या बॅचला टाकलं होतं, आठवतं का?"

म्हणलं, "म्हणून तर चिडून डॉक्टर झालास."

२४ मार्च, रविवार

बारा प्रोटीनं, धातूसकट, बारा नळ्यांत भरून आत. पडद्यावर अकरा मळकट आणि एक पांढरीशुभ्र! संगमेश खुर्चीतून उठला. "सर, नेहमीच्या औषधाच्या दुप्पट आहे हे." मंजुश्री डोळे पुसत होती. प्रकल्प वाचला.

गल्लीभर पेढे वाटले. सगळ्यांना सांगितलं — निवड माझी. फ्लेक्सवाल्याला मजकूर दिला: 'शिवमूर्ती सरांची पारख, मंजुश्रीची चमक.' शिवकांता म्हणाली, "लेकीचं नाव मागं कशापायी?" अबोला सुटला म्हणायचा.

२५ मार्च

मंजुश्रीचा फोन. "अप्पा, फ्लेक्स थांबवा. मशीन तुमच्यामुळं मिळालं म्हणून सहा तुमच्या नेल्या, सहा माझ्या. तुमच्या सहांनी धातू इतका गच्च धरला की पाण्याला शिवूच दिलं नाही. पाणी शिवल्याशिवाय मशीनला उजेड दिसत नाही. माझ्याही पाच फसल्या."

चमकली ती चौतिसावी.