वसंताला युद्ध नकोय

जळगाव
१५ एप्रिल १९९०

दिनकरची रजा रद्द. तार आली, तीन शब्दांची. फौजेतला जावई तो, जम्मूकडे कुठेतरी; लेक सुषमा माझ्याकडे, सातवा महिना. तारेत कारण नाही. ते रेडिओवर कळतं. दिल्लीचं सरकार दुसऱ्यांच्या टेकूवर, म्हणून कडक बोलायचं. सीमेपलीकडच्या बाईंची खुर्चीही डुगडुगती, म्हणून त्या आणखी कडक. त्याही माझ्यासारख्या नन्सच्या शाळेतल्या म्हणे. सिस्टर हळू बोलायला शिकवायच्या. उपयोग शून्य. माझ्या बाबतीतही.

२२ एप्रिल

धाकटा भाऊ वसंता, लोकांचा नाना, काल सभेत गरजला. ‘सैन्य आत घुसवा!’ टाळ्या. नगरपालिकेला उभं राहायचंय, दुसरं काय! वर निरोप: पुढच्या सभेत सुषमाची ओटी स्टेजवर भरू, वीरपत्नी म्हणून.
मेल्या, तिचा नवरा जिवंत आहे!

२७ एप्रिल, आखाजी, आमची अक्षय्य तृतीया

वसंता जेवायला. पुरणपोळी वाढता वाढता मी त्याला झाडलं.
‘अक्का, युद्ध थोडंच होणारे? विरोधातला माणूस बोलला, मी गप्प बसलो तर कायमचा घरी बसेन. आखाजीला नदीच्या दोन काठांवरून बायका एकमेकींच्या गावाला शिव्या देतातच ना? दिवस मावळला की संपलं. तसंच हे.’
‘त्या बायकांकडे तोफा नसतात. आणि दिवस कधी मावळणार ते दोन्ही गावांना ठाऊक असतं.’
सुषमा एवढंच म्हणाली, ‘मामा, खाऊन घ्या. गार होतेय.’
वसंता तिच्याकडे बघेना. जाताना म्हणाला, उद्या सांभाळून बोलतो. ओटी रद्द.

२८ एप्रिल

सभेला गेले. मागे उभी. शब्दाला जागला बिचारा. ‘आधी बोलणी करून पाहावीत,’ म्हणाला मात्र, शिट्टी. मग ‘नाना, बांगड्या भरा!’ मग चप्पल, त्याच्याच कार्यकर्त्यांतून. माइक धरून घाम पुसला. पाच मिनिटांत स्वारी लाहोरपर्यंत पोचली. टाळ्या मागच्यापेक्षा जास्त. वाजवणाऱ्यांत मी शाळेत शिकवलेल्या दोघी. दोघींचं इंग्रजी चांगलं होतं.
मी त्याला ढोंगी म्हणत होते. आज त्याचा चेहरा पाहिला. दिल्लीतही असाच कुणी माइक धरून… तिकडेही…
डोकं दुखतंय.

६ मे

दिनकरचं पत्र. ‘पुढे हलवलंय. काळजी नसावी.’ एक ओळ काळी केलेली. सुषमाने खिडकीशी धरून पाहिली. काही दिसत नाही.
दुपारी वसंता. ‘जावयाचं काही कळलं?’ पत्र दिलं. दोनदा वाचलं, तिथेच खुर्चीत बसला. बाहेर जीपचा हॉर्न. भडगावला सभा.
‘नका ना जाऊ, मामा.’
‘पत्रकं वाटून झालीत गं.’
चहा तसाच ठेवून गेला. पत्र त्याच्याच खिशात गेलं, हे जीप वळल्यावर लक्षात आलं.
स्टेजवर वाचणार नाही. तसा नाही तो.
शिट्ट्या झाल्या तर?
सुषमा अजून फाटकाशी उभी आहे.